तळाचे अंग

हात ताणून, भिंतीला पाठ लावून उभ्या असलेल्या माणसाकडे पाहिले की वाटते, याची झडती चालली आहे. श्रावणातल्या त्या संध्याकाळी माझी मुलगी तशी उभी होती. टाचा भिंतीला, डोके भिंतीला, दोन्ही हात आडवे, बोटांची टोके शक्य तितकी दूर गेलेली. सरांनी खडूने तिच्या डाव्या बोटाशी एक रेघ ओढली, उजव्या बोटाशी दुसरी. दोन रेघांमधले अंतर त्यांनी सुतळीने मापले आणि तीच सुतळी तिच्या डोक्यावरून खाली सोडली. सुतळी घोट्याच्या वरच संपली.

"आखूड," सर म्हणाले.

तिच्यानंतरच्या मुलीची सुतळी जमिनीवर लोळली. ती मुलगी उंच, सडसडीत, मनगटे शेवग्याच्या शेंगेसारखी. सरांनी सुतळीचे उरलेले टोक उचलून सगळ्या मुलांना दाखवले. "हे बघा. याला म्हणतात चढाईचं अंग. हे देवाकडून येतं, माझ्याकडून नाही."

मी दारात उभी होते. दिवसभर कॉलेजात कविता शिकवून मी मुलीला घ्यायला परळच्या या व्यायामशाळेत येत असे. मागच्या पटांगणात, गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरच्या सावलीत, प्लायवुडची एक उंच भिंत आहे. तिच्यावर धरून चढायला रंगीत खाचा बोल्टने बसवल्या आहेत. लांबून पाहिले तर कुणी शाडूचे ओले गोळे मुठीने दाबून भिंतीवर मारले असावेत तशा. तिथे हवेला खडूच्या पुडीची, तापलेल्या रबराची आणि घामेजल्या दोराची एक कोरडी, आंबट चव असते, आणि वारा फिरला की मसाल्याच्या गल्लीतून कुटलेल्या मिरचीचा ठसका येतो. त्या संध्याकाळी वारा फिरला. सगळे खोकले. माझ्या डोळ्यांत पाणी आले ते मिरचीचे आहे असे मी मानून घेतले.

मुलीने हात खाली घेतले आणि पँटला पुसले. भिंतीवर तिच्या बोटांच्या दोन रेघा राहिल्या.

सर म्हणजे आमचा दादा. मुले त्याला सर म्हणतात. मी दादा म्हणते, कारण तो माझ्याच चाळीतला, वरच्या मजल्यावरचा, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठा. रविवारी दोर खांद्यावर टाकून सह्याद्रीच्या कड्यांवर जायचा, सोमवारी कोपर सोलून परत यायचा. आणि श्रावणात, मुलींचे गोविंदा पथक उभे करण्याची कल्पना लालबागमध्ये अजून नवी होती तेव्हा, त्यानेच आमचे पथक उभे केले होते. त्याचे हे ऋण मी नाकारत नाही. चाळीच्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे बाजूला सारून, आमच्या आयांच्या शिव्या हसत हसत पचवून त्याने आम्हाला सराव दिला. त्याच पहिल्या दिवशी त्याने आम्हाला रांगेत उभे केले आणि नजरेने तोलले. हलकी ती वर. मध्यम ती मध्ये. माझ्यासमोर येऊन तो थांबलाही नाही. चालता चालता म्हणाला, "तू तळाची. अंगच तळाचं आहे तुझं, देवाने मुद्दाम घडवलंय."

मी सतरा वर्षांची होते. त्या वयात मुलीला तिच्या अंगाविषयी कुणी काही सांगितले तर ती ते विसरत नाही. सुतळीने मापले काय आणि नजरेने मापले काय.

तळ म्हणजे काय असते ते वर चढलेल्यांना कळत नाही. तळाच्या मुलीला हंडी दिसत नाही. तिला समोरच्या मुलीची मान दिसते, मानेवरचा घाम दिसतो, आणि ऐकू येतो तो फक्त श्वास, अनेक जणींचा एकत्र, भट्टीसारखा. गळ्याच्या हाडावर ओली टाच बसते, सरकते, पुन्हा बसते. वरून पाणी येते, दही येते, ओरडा येतो. हंडी फुटली हे मला नेहमी आवाजावरून समजले. एकदा, फक्त एकदाच, मी दादाला विचारले होते की सरावात तरी मला तिसऱ्या थरावर चढून पाहू दे. तो मनापासून हसला. "अगो, तू वर गेलीस तर खाली कोण राहील?" मुलीही हसल्या. मीही हसले असणार. हसण्यावाचून तिथे दुसरे काही करण्याची सोय नव्हती.

तेव्हा त्याचे म्हणणे बरोबर होते, हे आज मला मान्य आहे. थरांमध्ये एकीचे वजन दुसरीच्या खांद्यावर पडते. तिथे हलकीला वर पाठवणे हा शहाणपणा आहे. पण पुढे दादाने भिंत उभारली, आणि गच्चीवरचा तोच हिशेब जसाच्या तसा पटांगणात आणून ठेवला. प्लायवुडच्या भिंतीवर कुणी कुणाच्या खांद्यावर उभे नसते. तिथे प्रत्येक मुलगी स्वतःचेच अंग उचलते, आणि स्वतःचे अंग उचलण्याची सवय जाड मुलीला बारीक मुलीपेक्षा जन्मापासून जास्तच असते. हे त्याच्या कधी ध्यानातच आले नाही. उभ्या आयुष्यात त्याने माणसांचे थरच लावले होते. भिंतीसमोर उभी राहिलेली मुलेही त्याला थरांतच दिसत.

माझी मुलगी माझ्यासारखीच आहे. बुटकी, खांद्यात रुंद, कंबरेत भरलेली, पायांना गच्च. दोन वर्षांपूर्वी ती पहिल्यांदा त्या भिंतीपाशी गेली, तेव्हा दादाने तिला पाहिले आणि तिच्या हातात दोराचे खालचे टोक दिले. चढणाऱ्याच्या कमरेला बांधलेला दोर वरच्या कडीतून फिरून खाली येतो. ते टोक धरून, चढणारा पडला तर त्याला सावरायचे, याला बिले देणे म्हणतात. काम जोखमीचे आहे, आणि धरणारी वजनाने भक्कम असली तर उत्तमच. माझी मुलगी ते काम फार सुंदर करते. तिची मान वर, नजर चढणाऱ्याच्या टाचांवर, आणि खालचा हात दोरावर असा बसलेला की जणू दोर त्या हातातूनच उगवला आहे. म्हणून मग रोज तीच. आधी सगळ्यांना चढवायचे, सगळ्यांना सावरायचे, आणि शेवटी, खाचा घामाने बुळबुळीत झालेल्या, हात दोर ओढून आंबलेले, रखवालदार दिवे घालवायला आलेला, अशा वेळी तिची पाळी. दोन घटका लोंबकळायचे आणि पडायचे.

आणि मग दादा म्हणणार, "बघ, तुझं अंग चढाईचं नाही."

माझा राग इथे सुरू होतो. तो नीट मांडायचा तर आधी हे सांगितले पाहिजे की मी शरीर नाकारत नाही. लांब हाताला लांबची खाच मिळते, हे खोटे कसे म्हणू? कुणाची बोटे कातडीने जाड असतात, कुणाच्या सांध्यात तेल असते, कुणाचे रक्त हात भरून आल्यावर लवकर निवळते. एक देह दुसऱ्यासारखा नसतो आणि भिंत सगळ्यांना सारखी भेटत नाही. पण ज्या मुलीला चढू दिले नाही तिच्या न चढण्याचे खापर तिच्या हाडांवर फोडायचे, आणि वर त्याला देवाची करणी म्हणायचे, हे मला सहन होत नाही. देवाने तिच्या हातात दोर दिला नव्हता. दोर देणारा माणूस मला माहीत होता. त्याच्या घरची दिवाळीची करंजी मी खाल्ली होती.

तरीही मी गप्प राहिले असते. सुतळीच्या त्या संध्याकाळनंतर मी गप्पच होते. मग गणपती आले, गेले.

आमचे घर कोकणातले. श्रावणापासून विसर्जनापर्यंत आमच्याकडे मासे शिजत नाहीत, आणि त्यानंतर जो पहिला बांगडा घरात येतो त्याच्या वासाने भिंतीसुद्धा जाग्या होतात. त्या दुपारी मी बांगड्याचे तिखले केले. तिरफळे ठेचली, कोकम टाकले, आणि रस आळून कडेला तेल सुटेपर्यंत गॅससमोरून हलले नाही. मुलीला ते इतके आवडते की लहानपणी ती ताट चाटत असे. तिच्या ताटात मी दोन तुकडे वाढले, भाताचा डोंगर केला. तिने डोंगर अर्धा केला. मग त्याचा अर्धा केला. मग चमच्याने उरलेला भात परत भांड्यात सारला, एक एक शीत मोजत असल्यासारखा.

"बरं नाहीये का?"

"बरी आहे."

"मग?"

"भात नको."

"महिनाभर वाट बघत होतीस ना गो?"

तिने बांगड्याचा काटा बाजूला काढला आणि मासाही त्याच्याबरोबर बाजूला ठेवला. "दिवाळीच्या आधी निवड आहे, आई. व्यायामशाळेच्या संघात चौघींना घेणार. सर म्हणाले, टी-शर्ट तुलाही मिळेल, बिले द्यायला चल." मग ती आपल्या हातांकडे पाहत म्हणाली, "हात तर लांब होणार नाहीत. निदान बाकीचं कमी करते."

तिरफळाची जीभ बधिर करणारी चव माझ्या तोंडात होती आणि मला वाटले, माझे सगळे तोंडच बधिर झाले आहे. किती दिवस चालले होते हे? मोदक तिने एकच खाल्ला होता. डब्यातली पोळी परत येत होती आणि ती म्हणत होती, मैत्रिणीने पोहे दिले. तिच्या गालांखाली एक नवी सावली पडली होती, आणि मी, जिने आयुष्यभर विद्यार्थ्यांना सावल्यांच्या छटा शिकवल्या, तिने ती सावली पाहूनही वाचली नव्हती. तिच्या ताटात जे उरले होते ते मी उचलले नाही. ओढणी घेतली, चपला घातल्या आणि चालत परळला गेले.

दुपारच्या त्या वेळी पटांगणात दादा एकटाच होता. निवडीसाठी भिंतीवर खाचांची नवी वाट बसवत होता. उंच शिडीवर उभा, हातात पाना, कमरेला बोल्टची पिशवी. मी हाक मारणार होते, मारली नाही. तो काय करतो आहे ते मला दिसले. एका खाचेवर त्याने डावा हात ठेवला, उजवा हात वर ताणला, आणि जिथे त्याची बोटे टेकली तिथे खडूने फुली मारली. फुलीवर खाच बसवली. पाना फिरला, करकरला. मग शिडीची एक पायरी वर जाऊन त्या खाचेवर हात ठेवला आणि पुन्हा ताणला. दादा उंच आहे. त्याचे हात गुडघ्यांकडे आलेले आहेत. चाळीत त्यावरून त्याची थट्टा होत असे. ती सगळी वाट, पायथ्यापासून माथ्यापर्यंत, त्याच्या हातांनी मोजलेली होती.

"दादा, ती खाच तिथेच का?"

त्याने दचकून खाली पाहिले. "कोण गो? तू काय या वेळी?"

"तिथेच का?"

"हात आरामात पोचतो म्हणून."

"कोणाचा?"

तो हसला. "माझा. आणखी कोणाचा? इथे दुसरं कोण आहे?"

"म्हणजे भिंत तुम्ही तुमच्या मापाने शिवायची, आणि जिला होणार नाही तिला सांगायचं, तुझं अंग चुकलं."

तो शिडीवरून उतरला. अंतराअंतराने, एक एक पायरी. "तुम्ही? मला तुम्ही म्हणतेस? मी काय परका झालो?"

उभ्या आयुष्यात मी त्याला तू म्हणत आले होते. "आज झालात."

"काय झालं काय पण?"

मी सांगितले. भात, बांगडा, डबा, गालांखालची सावली. सांगताना माझा आवाज चढत गेला आणि मी तो खाली आणला नाही. दादाचा चेहरा उतरला, हे मी प्रामाणिकपणे लिहिते. पण उतरलेल्या चेहऱ्यानेही माणूस आपले म्हणणे सोडत नाही.

"अगो, मी कुठे उपाशी राहा म्हटलं? मी फक्त निसर्ग सांगितला. उद्या स्पर्धेत तोंडावर पडण्यापेक्षा आज कळलेलं बरं. मांजर चढते, म्हैस चढत नाही, यात माझा काय दोष?"

"म्हैस?"

"तसं नाही म्हणालो मी."

"तसंच म्हणालात. आणि म्हशीच्या हातात दोन वर्षं दोर देऊन मांजरांना चढवलंत."

"तिच्यासारखी बिले देणारी पोरगी अख्ख्या मुंबईत नाही! तिच्या हातात दोर असला की पोरं डोळे मिटून उडी घेतात. ही पण देणगीच ना?"

"हो. तिने तुम्हाला दिलेली. रोज संध्याकाळी, स्वतःची पाळी सोडून. ती निसर्गाच्या नावावर लावू नका."

तो पाना या हातातून त्या हातात घेत राहिला. मी म्हणाले, निवडीपर्यंत ती दोर धरणार नाही, फक्त चढणार, आणि इतरांबरोबर, दिवे असताना.

"मग दोर कोण धरणार? बाकीच्या पोरी काटक्या. कुणी पडलं तर धरणारीच हवेत जाईल."

"मी धरते."

त्याने मला पाहिले. वरून खाली, आणि खालून वर. गच्चीवर पाहिले होते तसे, पण या वेळी थांबून. आणि त्याच्या तोंडावर खरेखुरे समाधान पसरले. "तू? तू तर बेस्टच."

ते मी गिळले. काही गोष्टी मुलीसाठी गिळाव्या लागतात. त्या पचतात असे नव्हे.

दोर धरायला मला मुलीनेच शिकवले. "आई, खालचा हात सोडायचा नाही. नाकावर माशी बसली तरी नाही." तिच्या आवाजात एक नवी धार होती, शिकवणाऱ्याची. दोर तळहातातून जाताना आधी खरखरतो, मग ऊब धरतो. चढणाऱ्याच्या अंगातला संशय, उतावीळपणा, भीती सगळे त्याच्यातून खाली येते. मी पुन्हा तळाशी उभी होते. पुन्हा मान वर. फरक इतकाच की माझ्या खांद्यावर कुणाची टाच नव्हती, आणि वर काय चालले आहे ते मला दिसत होते.

दिसले ते असे. समोरून तोंड देऊन वर हात टाकला की मुलीची बोटे खाचेच्या खाली वीतभर थांबत. ती पडायची, दोरावर झुलायची, पुन्हा. काही दिवसांनी तिने समोरून जाणे सोडले. ती कुशीवर वळू लागली. एक गुडघा आत वळवून, कंबर भिंतीला भिडवून, कुणाच्या कानात काही सांगायला वाकावे तशी. कंबर वळली की खांदा वर जायचा, आणि खांद्याबरोबर हात. वीत कमी होत गेली. कंबरेच्या हाडावर निळा डाग उमटला, मग हिरवा, मग पिवळा. घरी ती भात मागून घेऊ लागली, कारण रिकाम्या पोटी तिसऱ्या प्रयत्नाला हात थरथरतात हे तिचे तिलाच कळले. मी सांगून पाहिले होते, उपयोग झाला नव्हता.

त्या उंच मुलीचेही काही मला तेव्हाच कळले. खाचा जवळजवळ असल्या की ती घडीच्या खुर्चीसारखी दुमडायची, गुडघे हनुवटीला लागायचे, आणि ती चिडायची. एकदा पाणी पिताना ती माझ्या मुलीला म्हणाली, "तुझं बरंय यार. तू पोचलीस की सगळे म्हणतात, वा, काय मेहनत. मी पोचले की म्हणतात, हात लांब आहेत ना हिचे. रोज पहाटे दाराच्या चौकटीला लोंबकळते मी. आईचे टोमणे ऐकते. ते कुणी बघतच नाही."

त्या मुलीवर मी मनातल्या मनात किती दात धरला होता, ते मला तेव्हा आठवले. एकीला सुतळी अपुरी पडली, दुसरीला उरली. दोघींचीही मेहनत सुतळीनेच खाल्ली होती.

निवडीच्या दिवशी पटांगणात पालक प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसले होते. टॉवरच्या गच्चीवरून कुणीतरी मोबाइल धरून पाहत होते. उंच मुलगी वरच्या खाचेपर्यंत गेली. आणखी दोघी गेल्या. मग माझी मुलगी आली, आणि दोर मी धरला. पहिल्या खाचेपासून मला फक्त तिच्या टाचा दिसत होत्या, आणि टाचा शांत होत्या. अर्ध्यावर ती वळली. कंबर भिंतीला भिडली, हात सुटला, बोटे बसली. खुर्च्यांमधून एक 'अरे' उमटला. पुन्हा वळली, दुसऱ्या कुशीवर. शेवटच्या खाचेच्या खाली ती थांबली. ती खाच दादाच्या पूर्ण ताणलेल्या हाताच्या टोकावर होती. कितीही वळले तरी तिथे कुणाचीच आखूड बोटे पोचणार नव्हती. तिने एक श्वास घेतला, तो दोरातून माझ्या हातात आला, आणि ती उडाली. बोटांची पेरे खाचेच्या ओठाला लागली. खडूची पूड झडली. ती पडली.

खालचा हात मी सोडला नाही. माझे पाय जमिनीवरून हलले नाहीत.

संघात चौघी होत्या, आणि चौथी ती. दादाने नावे वाचली, मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग तो पालकांकडे वळला. त्याचे डोळे आनंदाने चमकत होते, खोटे नाही. "पाहिलीत कंबर? ही लवचीकता शिकवून येत नाही. ही जन्मजात असते. नैसर्गिक देणगी! मी आधी ओळखायला हवी होती."

पडली तेव्हा अंग, पोचली तेव्हाही अंग. मग तिथे रोज येत होती ती कोण होती?

मुलगी कमरेच्या हार्नेसचा पट्टा सोडवत होती. मान वर न करताच म्हणाली, "जन्मजात नाही हो सर. ही गणपतीनंतर आली."

पटांगण हसले. दादाही हसला, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "तोंडसुद्धा आईवर गेलंय," तो म्हणाला. मला हसू आले नाही. भिंतीवर, खालच्या बाजूला, श्रावणातल्या त्या दोन रेघा फिकट का होईना, अजून होत्या, आणि त्यांच्यासमोर लहान मुलींची नवी तुकडी रांगेत बसली होती. सगळ्यात पुढची मुलगी गोल, गुबगुबीत, बुटाच्या नाड्यांशी झटत होती. तिच्या हातात कुणीतरी आधीच दोराचे टोक देऊन ठेवले होते.

मी मुलीच्या हातून हार्नेस घेतला. तो अजून गरम होता.

"मला चढायचंय."

"आत्ता?" दादा म्हणाला. मग त्याला गंमत वाटली, आणि तो अगदी सहज, काहीही न आठवता बोलला, "अगो, तू वर गेलीस तर खाली कोण राहील?"

मुलीने दोर उचलला. "मी आहे ना खाली. चढ, आई."

मी चढले. सुंदर काही घडले नाही. पहिल्या खाचेवर माझी नखे वाजली, दुसरीवर गुडघा आपटला. खाच हातात घेतली की ती गार आणि खरबरीत लागते, मांजराच्या जिभेसारखी. आणखी थोडी वर गेले, तिसऱ्या थराइतकी असेन. तिथून मसाल्याच्या गल्लीची कौले दिसत होती, आणि त्यांच्या मागे आमच्या चाळीची गच्ची, जिथे मी नेहमी खालीच होते. पुढची खाच माझ्या बोटांपासून वीतभर वर होती. वळायचे कसे ते मला येत नव्हते. हात भरून आले, बोटे जळू लागली, आणि राग, जो इतकी वर्षे गळ्याच्या हाडावर बसून होता, तो तोंडापर्यंत आला.

"दादा," मी वरून म्हणाले, "ही खाच खाली घ्या."

"उतर आधी. मग बघू."

"नाही. त्या लहान मुली रांगेत आहेत. आधी पाना काढा."

दादा कमरेवर हात ठेवून वर पाहत राहिला. खालून त्याला बहुधा माझ्या टाचाच दिसत असतील. मी खाच सोडली आणि दोरावर बसले, सगळ्या वजनासकट. दोर ताणला गेला, आणि धरला गेला.

"आई," खालून मुलगी म्हणाली, "निवांत बस तू. मला घाई नाही."